शुगर कमी झाली होती

मंडळी, नमस्कार. आमच्या बोर्लीकडची जी माणसं आली आहेत, त्यांना सलाम.

मंदावहिनी, तुम्ही पुढे बसला आहात, म्हणून मी तुमच्याकडे बघूनच बोलते. मला भाषण येत नाही. मी अँब्युलन्सवरची डॉक्टर. आमचं बोलणं म्हणजे ‘बाजूला व्हा’, ‘पाय धरा’, ‘नाव काय यांचं’, एवढंच. आत्ताही अलिबागला एक पेशंट सोडून सरळ इथे आले. हरीदादा असते तर म्हणाले असते, ‘मॅडम, आधी पाणी प्या, मग काय ते बोला.’ सहा वर्षं मी हे वाक्य ऐकलं. सहा वर्षं ते गाडी चालवत होते आणि मी शेजारच्या सीटवर बसत होते.

माझ्याआधी तीन जण बोलले. दादा कशाने गेले, तर कोणी अटॅक म्हणालं, कोणी पोटाचा आजार म्हणालं. कोणाचंही चुकलं नाही. तुम्हाला तसंच सांगितलं होतं. मी त्यावर येते. जरा वेळ द्या मला.

करोनाची पहिली टाळेबंदी आठवते ना? बोटी बंदरात बांधलेल्या, दुकानं बंद, दारूची दुकानंही बंद. आम्हाला वाटलं होतं की फोन येतील ते तापाचे आणि दम लागल्याचे. ते येतच होते. पण त्यांच्यामध्ये दुसरेही फोन यायला लागले. दारू मिळेना तेव्हा कोणी खोकल्याचं औषध बाटलीच्या बाटली प्यायलं. कोणी झोपेच्या गोळ्या घेतल्या. कोणी हाताला लावायचं सॅनिटायझर प्यायलं. फोनवर मात्र कोणी खरं सांगत नसे. घरी गेल्यावर कळायचं.

असाच एक तांडेल होता, बोट चालवणारा. थळच्या पुढची गोष्ट, नाव सांगत नाही. भरदुपारी घरात कोपऱ्यात बसून भिंतीवरचे खेकडे हाकलत होता. भिंतीवर काही नव्हतं. हात असे थरथरत होते की मला नस धरता येईना. मी पीपीई किटच्या आतून ओरडले, ‘किती प्यायलात?’ तेव्हा हरीदादा मागून हळूच म्हणाले, ‘मॅडम, तो प्यायलेला न्हाय. चार दिवस मिळाली न्हाय, म्हणून असा झालाय.’

मी डॉक्टर. मी चुकले होते. त्यांचं बरोबर होतं.

बाहेर आलो तर अख्खी आळी लांब उभी. किट घातलेली माणसं म्हणजे करोना, आणि करोना म्हणजे उद्या आळीच्या तोंडाला बांबू. एक म्हातारी तिथूनच विचारायला लागली, ‘करोना हाय काय रं?’ तांडेलाची बायको दारात उभी होती. तिचा चेहरा मी विसरलेले नाही. करोना म्हटलं तर आळी सील. खरं सांगितलं तर नवऱ्याची अब्रू गेली. काय बोलणार ती? हरीदादांनी स्ट्रेचर आत सरकवलं, दार लावलं आणि म्हातारीला म्हणाले, ‘न्हाय गो आजी. शुगर कमी झाली हाय. साखर द्यायला नेतोय.’

झालं. म्हातारी घरी गेली. आळी पांगली.

परत येताना मी विचारलं, ‘दादा, तुम्हाला कसं कळलं?’ रस्त्यावर डोळे ठेवून म्हणाले, ‘मी पण त्या भिंतीवर काय काय बघितलंय, मॅडम. बारा वर्षं झाली सोडून.’

तेव्हापासून तोच रिवाज पडला. गावात शिरताना, बोंबील सुकत घालतात त्या वळणाशी, ते सायरन बंद करायचे. कोणी विचारलं की शुगर कमी झाली. मी रागवायचे. म्हणायचे, दादा, खोटं का बोलता? ते म्हणायचे, ‘केसपेपरावर तुम्ही खरं लिवताय ना? मग बस झालं. आळीला कशाला खरं पाहिजे?’ पुढे तर लोकच फोनवर सांगायला लागले, शुगर कमी झालीय, लवकर या. आम्ही समजायचो.

आमच्या बोर्ली पंचतनलाही एकदा आम्हीच गेलो. माझ्याच नात्यातलं घर. आमच्यात ‘घेतो’ हा शब्दसुद्धा कोणी तोंडातून काढत नाही. गल्फमधून परत आलेला माणूस, नोकरी गेलेली, गोळ्या घेऊन निपचित पडलेला. मी उंबऱ्यावरच थांबले. हरीदादांनी माझ्या मामूंना बाजूला घेतलं आणि सांगितलं, ‘चाचा, शुगर कमी झालीय, घाबरू नका.’ तो माणूस वाचला. त्यानंतर कधीही, एकदाही, हरीदादांनी माझ्यासमोर त्या घराचा विषय काढला नाही. कोणासमोरच काढला नाही.

असं त्यांनी सगळ्या किनाऱ्याचं झाकलं.

मग करोनाच्या लाटा ओसरल्या. दुकानं उघडली, बोटी सुटल्या, सगळे म्हणाले, संपलं. आम्ही दोघं तेव्हा फार थकलो होतो. मी अजून थकलेली आहे. झोपून जात नाही तो थकवा. मला वाटत होतं, दादांना काही होत नाही. त्यांनी किती माणसं उचलली, किती जणांचं शेवटचं बोलणं ऐकलं, हे मी कधी मनावर घेतलं नाही.

एके सकाळी त्यांनी गाडीची चावी माझ्या हातात ठेवली. एक सांगते, मंडळी, गाडीवर हा माणूस कधी पिऊन बसला नाही. हात थरथरायला लागले त्याच दिवशी चावी दिली. मी विचारलं, काय झालं? खाली बघून म्हणाले, ‘शुगर जरा कमी होते, मॅडम.’

आणि मी विश्वास ठेवला.

जे वाक्य मी त्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं होतं, ज्याचा अर्थ या किनाऱ्यावर मला सगळ्यांत आधी कळायला हवा होता, त्यावर मी विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी ग्लुकोजचे दोन डबे आणि बेसनाचे लाडू घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी एक लाडू माझ्यासमोर खाल्ला. हसलेसुद्धा.

चार महिन्यांनी फोन आला. पत्ता दादांच्याच घरचा. शुगर कमी झाली. मी ग्लुकोजची बाटली हातातच धरून आत गेले. मंदावहिनींनी माझ्या हाताकडे बघितलं आणि नुसती मान हलवली. दादा रक्ताच्या उलट्या करत होते. लिव्हर संपलं होतं. स्ट्रेचरवर घेताना त्यांनी नव्या ड्रायव्हरला विचारलं, ‘सायरन बंद केलास ना?’ तिसऱ्या दिवशी ते गेले.

दारूने गेले. सोडलेली पुन्हा सुरू झाली होती. मी हे मुद्दाम बोलते आहे. मंदावहिनींनीच आज सकाळी मला सांगितलं, ‘मॅडम, आज शुगर म्हणू नका. ह्यांनी सगळ्यांची लाज झाकली. ह्यांची झाकायला गेले आणि माझ्या घरात मी एकटी पडले. कुणाला सांगायची सोय न्हाय राहिली.’

वहिनी, मी सांगितलं. मला माफ करा, चार महिने उशीर झाला.

दादा, तुम्ही झाकलंत म्हणून आम्हाला त्या घरांत शिरता आलं. तुमच्याच घरात मात्र आम्हाला वेळेवर शिरता आलं नाही. तुम्हाला माझा सलाम.

आता दोन मिनिटं उभे राहू. या हॉलमधल्या बऱ्याच घरांत मी येऊन गेले आहे. तुम्ही मला ओळखणार नाही, मी किटमध्ये होते. मी तुम्हाला ओळखते. घाबरू नका. सगळेच डोळे मिटू, मीही मिटते, म्हणजे कोणी कोणाकडे बघायला नको. ज्याच्या घरात आज शुगर कमी होते आहे, त्याने नंतर बाहेर येऊन मला खरं काय ते सांगावं. गाडी दाराशी उभी आहे. सायरन बंद आहे.