शेंदूर पातळ लावायचा होता

...आणि वर मलाच सांगतात, "बीड आहे ते, ओतीव लोखंड! बीड वाकत नाही!" अहो, वाकत नाही तर दोन फळ्या जोडल्यावर मधल्या फटीतून घरमालक गेनबाची म्हैस कशी दिसते मला? आख्खी दिसते, शिंगांसकट! बायांनो, तुम्हाला सांगते, आमच्या ह्यांनी लिलावातून ते रंधा मारायचं मशीन उचललं, चार पावसाळे उघड्यावर भिजलेलं, बैलगाडीतून रहाटणीपर्यंत मिरवत आणलं, आणि फळी ज्याच्यावरून सरकवायची ते बिडाचं टेबलच उन्हात वाळल्या पापडासारखं! मी पहिल्याच दिवशी म्हटलं, वाकडं आहे. "तुला काय कळतं?" खरंय, चौथी शिकलेल्या बाईला काय कळणार... डोळे तेवढे आहेत!

हौस म्हणून आणलं असतं तर मेलं जाऊ दे म्हटलं असतं. पण पिंपरीला कंपनीच्या खोल्या उठतायत, तिथल्या दारांचं काम मिळायचं होतं. मुकादम आबाजी सोमवारी नमुन्याचं दार बघायला येणार. पसंत पडलं तर काम आमचं, नाहीतर चला परत साताऱ्याला, दिराच्या वळचणीला, जावेची धुणी बडवायला! आणि हे काय करतायत? फळीखाली कागदाच्या घड्या सारतायत!

शेवटी उद्धवरावांना बोलावलं. कंपनीत फिटर, बोलणं असं की विलायतेत मशीन ओततात ते उद्धवरावांना विचारून. "वहिनी, सोप्पं आहे. टेबल सोडवायचं, शेंदूर तेलात कालवून पातळ फासायचा, वरून सरळ पट्टी घासायची. उंचवट्यावरचा शेंदूर निघतो, तेवढंच खरवडायचं. पण पातळ हं!" पातळ म्हणाले. मी ऐकलं, अंगणातल्या कोंबडीनं ऐकलं. ह्यांनी? मारुतीला थापतात तसा बोटबोट जाड थापला! वर "मुरू दे जरा" म्हणून टेबल निंबाच्या झाडाला टेकवून उभं केलं आणि गेले पट्टी मागायला!

आता तुम्हीच सांगा, झाडाखाली, उभं, शेंदरानं माखलेलं... गेनबाची सारजाबाई तिथून चाललेली, म्हैस हरवली म्हणून रडकुंडीला आलेली. थांबली, हात जोडले, आणि ती मेली म्हैस नेमकी तेव्हाच ओढ्यातून वर आली! झालं! हे पट्टी घेऊन येतात तर नारळ, हळदकुंकू, उदबत्ती आणि निम्मी रहाटणी! मी ओरडतेय, "अगं, मशीनचं टेबल आहे ते, वाकडं आहे!" तर सारजाबाई, "देवाला वाकडं म्हंती? जीभ झडंल!" ह्यांनी खरवडायला पटाशी काढली, तर गेनबा आडवा, "देवाला खरवडता व्हय? माझ्या जागंत न्हाई चालायचं!" जागा त्याची, छप्पर त्याचं, बोलता काय? आणि आमचे हे, चार शब्द सुनावायचे सोडून, चपला काढून उभे!

मग काय... हातरंधा! फळी मी पायानं दाबून धरलीय, हे वाकून रंधा ओढतायत, मी शिव्या घालतेय, असं ते दार झालं. सोमवारी आबाजी आला. दारावर हात फिरवला, सांध्याला डोळा लावला... म्हैस दिसली नाही. "दार बरंय. पण एवढी दारं हातानं कधी व्हायची? मशीन आहे म्हणाला होतात, कुठंय?" ह्यांनी निंबाकडे बोट केलं. आबाजीनं बघितलं, टोपी सावरली, चपला काढल्या, आणि सारजाबाईला हळूच विचारतो, "नवसाला पावतो का?"

"म्हशी आनून देतो," ती म्हणाली.

"मग ह्यांचं काम दुसऱ्याला दिलं तर मलाच भोवायचं!"

असं मिळालं काम! अकलेचा कुठं संबंध आला? आता सगळी दारं हातानं. देव निंबाखाली बसून नारळ खातोय, अजून वाकडाच, मी म्हटलं होतं! मी रोज खोबऱ्याची चटणी वाटतेय, आणि ह्यांची कंबर अशी वाकलीय की उठता उठवत नाही. काल कण्हत म्हणाले, "जरा तेल चोळतेस का?" म्हटलं, चोळते की. शेंदूर कालवू त्यात?... घाबरता कशाला, पातळच लावीन!