बंड्याचा घास

कुत्र्यांच्या खाण्याचा विषय निघालाच आहे, तर माझ्या सासूबाईंचं ऐका. ऐंशी सालाच्या आसपास आम्ही सिंदी रेल्वे नावाच्या गावात राहायचो. घरात अंडंही शिजत नसे. सासूबाईंनी एक आईवेगळं पिल्लू आणलं, बंड्या. त्याला त्या दूध-पोळी भरवायच्या, लाडानं गूळ द्यायच्या. पण त्याला हगवण लागली आणि तो उठेनासा झाला.

गुरांचे डॉक्टर म्हणाले, "दूध, गूळ बंद करा. कच्च्या मटणाचे बारीक तुकडे द्या. लाड करायचेच तर गाजर द्या."

दिरांनी अंगणात मटण आणलं. बंड्या त्यांच्या हातून खाईना, माझ्याही हातून खाईना. नुसता सासूबाईंकडे बघत राहिला.

मी म्हटलं, "आई, तुमी आत जा. तुमाले पाहवणार नाई."

त्या गेल्या नाहीत. पदर नाकाला लावून खाली बसल्या आणि डोळे मिटून एक तुकडा पुढे केला. बंड्यानं तो खाल्ला. दुसरा तुकडा त्यांनी डोळे उघडे ठेवून दिला.

त्यांच्या हातावर पाणी घालताना मी विचारलं, "आई, कसं जमलं तुमाले?"

"मी सोवळं पाळलं असतं," त्या म्हणाल्या, "तं उपास त्याले घडला असता अन् पुन्य मले."