पाच घरची झबली

शालूबाई : न्हाय म्हटलं की एकदा! कपाटात न्हाय, मोरीत न्हाय. आमच्या घरात झुरळ बी पाय पुसून येतंय. डांबर गोळी कशाला लागतीया आम्हाला?

डॉक्टर : आजी, मी तुमच्या घराला नावं ठेवत नाही. सिस्टर म्हणाल्या, पाजायला नेताना बाळाच्या कपड्यांना वास येतो. म्हणून विचारतेय.

शालूबाई : वासानं कावीळ हुतीया व्हय कुठं? मग निम्मं कोल्हापूर पिवळं पडलं असतं.

डॉक्टर : सगळ्यांना होत नाही. काही मुलांच्या रक्तात जन्मतःच एक गोष्ट कमी असते. एरवी कळतही नाही. पण डांबर गोळीचा वास लागला, की त्यांच्या तांबड्या पेशी फुटायला लागतात. एवढ्याशा जिवाच्या तर कातडीतूनही आत जातं ते. कालपासून निळ्या दिव्याखाली ठेवलंय, तरी कावीळ उतरायच्याऐवजी चढतेय. म्हणजे ते जे काही आहे, ते अजून त्याच्यापर्यंत पोचतंय.

अनुजा : आणि अशीच चढत राहिली तर, मॅडम?

डॉक्टर : रक्त बदलावं लागेल. तुमचे मिस्टर त्यासाठीच रक्तपेढीत गेलेत. पण रक्त बदलून पुन्हा त्याच कपड्यात गुंडाळलं, तर काय उपयोग? एकदा कावीळ मेंदूत शिरली, की माझ्या हातात फारसं काही राहत नाही. तुमचं आधीचं बाळ कशानं गेलं म्हणालात?

अनुजा : काविळीनंच. बारशाच्या आधी.

डॉक्टर : तेव्हा हे कुणी विचारलं नव्हतं?

अनुजा : नाही. उशिरा आणलंत, एवढंच म्हणाले.

शालूबाई : त्यो इषय आज कशाला, बाई? ह्या पोराचं बघा की.

डॉक्टर : ह्याचंच बघतेय, आजी.

अनुजा : मॅडम, वास झबल्यांचाच असणार. चूक माझी आहे.

शालूबाई : अनुजा, गप बस.

अनुजा : कशी गप बसू?

शालूबाई : डॉक्टरीणबाई, झबल्यांना काय बी झाल्यालं न्हाय. पाच घरची झबली हाईत ती. मागून आणल्याली.

डॉक्टर : मागून? म्हणजे?

शालूबाई : घरातलं एक पोर गेलं की त्येच्यानंतर हुणाऱ्याला घरचं नवं कापड घालत न्हाईत. ज्यांची पोरं जगल्यात, वाढल्यात, असल्या पाच घरांत जायाचं. पदर पसरायचा. त्यांच्या पोराचं उतारल्यालं झबलं मागायचं आणि न धुता घालायचं. माझी दोन गेली, तवा कृष्णाताच्या टायमाला मीच मागून आणल्यालं. जगला का न्हाय? शिरोलीच्या फौंड्रीत आगीम्होरं उभा ऱ्हातोय, ताप म्हणून ठाऊक न्हाय गड्याला.

डॉक्टर : न धुता?

शालूबाई : धुतलं की आशीर्वाद गेला की पाण्यात.

अनुजा : आत्ती, ती मागून आणलेली नाहीत.

डॉक्टर : मग?

अनुजा : विकत घेतलीत. ऑनलाइन. बाळांचे जुने कपडे विकतात ना, तिथनं. पुण्याची कुणी बाई होती. आत्तींना, म्हणजे सासूबाईंना, मी पाच घरांची नावं सांगितली. जी तोंडाला आली ती.

डॉक्टर : त्यांना वास होता?

अनुजा : पार्सल उघडलं आणि डोळ्यांतनं पाणी आलं. डांबर गोळ्या, वर कसलातरी सेंट, आणि खाली ओलसर, कोंदट. फोटोत कुठं वास येतोय, मॅडम? त्या बाईला लिहिलं, तर म्हणाली, कपाटात जपून ठेवले होते, एकदाच वापरलेत. म्हटलं, परत पाठवते. तर तिनं मला ब्लॉकच केलं.

डॉक्टर : मग काय केलंत?

अनुजा : जे जे कुणी लिहिलेलं मोबाइलवर, ते सगळं. व्हिनेगरमध्ये भिजवली, सोडा टाकला, लिंबू पिळलं, रिठ्याच्या पाण्यातनं काढली. आत्ती देवळात गेल्या, की गच्चीवर उन्हात पालथी घालायची आणि त्या यायच्या आत गोळा करायची. बाळंतपणाच्या आधी वास गेला होता. खरंच गेला होता. मी नाक खुपसून बघितलेलं. पण बाळ घरी आलं, झबलं अंगात घातलं, की पुन्हा तोच. मी पुन्हा धुवायची, पुन्हा तोच. मग वाटलं, माझ्याच नाकात बसलाय. तिथंच थांबायला पाहिजे होतं मी. जाळायला पाहिजे होती ती.

डॉक्टर : आत्ता आहेत इथं?

अनुजा : ह्या पिशवीत. घ्या.

डॉक्टर : साबणाचा वास येतोय. थोडा रिठ्याचा. बाकी काही नाही.

अनुजा : नीट बघा, मॅडम. शिवणीत असेल.

डॉक्टर : शिवणीत, नाडीत, कुठंच नाही. उलट फार धुतलीत, विरलीत बिचारी. हे नाही. पाजताना गुंडाळता कशात?

अनुजा : दुपट्यात. ते घरचंच आहे, सुती, माझ्या माहेरचं. आत्तींनी घडी घालून दिलेलं.

डॉक्टर : बघू.

शालूबाई : ते ऱ्हाऊ द्या की. स्वच्छ हाय ते.

अनुजा : द्या, आत्ती.

शालूबाई : आताच घडी घातलीया मी. कशाला उसकटायचं?

अनुजा : आत्ती, हात काढा.

(अनुजा दुपटं उलगडते. आतल्या घडीतून पिवळट पडलेलं, कडेला लाल दोरा ओवलेलं एक जुनं झबलं बाहेर येतं.)

डॉक्टर : सिस्टर बरोबर होत्या. हा वास तर दारापर्यंत येतोय. कुणाचं आहे हे?

अनुजा : हे माझं नाही. हे त्या पार्सलमधलं नाही.

डॉक्टर : आजी, मला पोलिसपाटीलकी करायची नाही. एकच सांगा, हे बाळाच्या अंगाला किती वेळ असायचं?

शालूबाई : न्हाऊ घालायचं, कपडं बदलायचं माझ्याकडंच; आंघोळ झाली की आत घालायचो. वरनं हिनं आणल्यालं. दुसऱ्या दिवशी न्हाऊ घालायच्या आधी काढून ठेवायचो, पुन्हा न्हाल्यावर घालायचो. हिथं आणल्यापास्नं दुपट्यात.

डॉक्टर : म्हणजे घरी नेल्यापासून अंगालाच. ठीक. दुपटं आणि हे मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाहेर ठेवायला सांगते. आता बाळाला हॉस्पिटलचंच कापड. घरचं एक सूतसुद्धा आत यायचं नाही. रक्ताची एक तपासणी आत्ताच लावते, आणि तुमचे मिस्टर आले, की आधी मला भेटू दे. अनुजा, दूध पाजायची वेळ झाली, की हाक मारते. रडून घ्यायचं तर आत्ता घ्या, पाजताना नको.

अनुजा : मॅडम, वाचेल ना?

डॉक्टर : कारण कळलंय. काल ते नव्हतं आपल्याकडं. एवढंच आज सांगू शकते.

शालूबाई : गेली का डॉक्टरीणबाई?

अनुजा : गेल्या. बोला आता.

शालूबाई : काय बोलू?

अनुजा : तुम्ही म्हणालात, घरात गोळी नाही.

शालूबाई : कपाटात हाय का म्हणून इचारलं तिनं. मोरीत हाय का म्हणून इचारलं. पेटीत हाय का, असं कुठं इचारलं?

अनुजा : आत्ती! बाजारात वांगी घेताय का तुम्ही?

शालूबाई : मला वाटलं, शिकल्याली पोरगी हाय, कायतर सांगायचं म्हणून सांगतीया. वासानं कोण मरतंय? आणि ते झबलं काढून घेतलं आसतं तिनं. त्याच्याशिवाय पोर दिव्याखाली उघडं पडलं आसतं.

अनुजा : कुणाचं आहे ते?

शालूबाई : तुझ्या नवऱ्याचं. कृष्णाताचं. पाच घरं फिरून आणल्यालं, त्यातलं शेवटचं. लाल दोरा मीच ओवलाय. दर दिवाळीला पेटी उघडतो, ऊन दावतो, नव्या गोळ्या टाकतो. कसर लागाय नगो म्हणून.

अनुजा : मग मी आणलेली होती ना? ती कशाला मागितली माझ्याकडनं?

शालूबाई : तू आणल्याली? आठवतंय का, कुणाकुणाची नावं सांगितलीस ते? पैलं घर सांगितलंस अक्काताई मगदुमाचं. मागून आणलं की नारळ द्यावा लागतोय परत. उसनं ठेवत न्हाईत असलं. म्हणून मी पाच नारळ घेऊन भायेर पडलो. अक्काताईच्या उंबऱ्यावर नारळ ठेवला, तर ती म्हणती, वैनी, कसलं झबलं? आमच्यात शेवटचं झबलं घातलं त्या पोराला आता मिसुरडं फुटलंय!

अनुजा : तुम्ही गेला होता?

शालूबाई : गेलतो की. तू सांगितल्यालं दुसरं घर बाळासोचं; तिथं गेलो, तिथं बी त्येच. मग पुढच्या घरांना गेलोच न्हाय. कशाला अब्रू वाटत फिरायची? पाच नारळ तसंच घरी आणलं. तवापास्नं चटणी खातीयास न्हवं रोज? ओलं खोबरं गोड लागतंय, म्हणालीस. लागणारच. फुकटचं हुतं.

अनुजा : आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत.

शालूबाई : पोटात नऊ महिन्यांचं घेऊन बसल्यालीस. तुला बोलायचं म्हंजी पोटातल्याला बोलायचं. गच्चीवर ओली झबली बगितली, तवा बी गप बसलो. नाटक चांगलं चाललंय, म्हटलं, चालू दे. तू तुझी धू, मी माझं घालतो.

अनुजा : मला कुणाच्या दारात जायचं नव्हतं, आत्ती. काय बोलायचं असतं तिथं, ठाऊक आहे का तुम्हाला? माझं जगलं नाही, तुमच्या जगलेल्याचं द्या. बायका झबलं देतात आणि दार लावून आपल्या पोराची दृष्ट काढतात. मी बघितलंय ते माझ्या माहेरी, कागलला. पुण्याच्या बाईला काही सांगावं लागत नव्हतं. पत्ता टाकला, पैसे टाकले, झालं.

शालूबाई : ठाऊक हाय मला. माझ्या बी माघारी काढली हुती दृष्ट. मिरच्यांचा ठसका रस्त्यापातूर आलता. तरी फिरलो मी पाच घरं.

अनुजा : मग एकदा तरी म्हणायचं होतं, अनुजा, हे आतनं घालू का? मी धुऊन दिलं असतं. काय वाटेल ते करून वास काढला असता.

शालूबाई : म्हणूनच न्हाय म्हटलं. तू धुतलं आसतंस.

अनुजा : मी रात्रंदिवस ती परकी झबली चोळत बसले. हातांची सालटी निघाली. आणि वास तुमच्या हातातनं येत होता.

शालूबाई : बोल. आजून बोल. ऐकतो मी.

अनुजा : नाही बोलत. बोलून कावीळ उतरणार आहे का?

शालूबाई : चहा आणू का तुला? खाली टपरी हाय.

अनुजा : नको.

शालूबाई : सकाळपास्नं पोटात काय न्हाय. दूध कुठनं यायचं?

अनुजा : नको म्हटलं ना.

शालूबाई : अनुजा.

अनुजा : काय?

शालूबाई : थोरल्याला मी कसलं झबलं घातल्यालं?

अनुजा : नवं. माझ्या भावानं आणलेलं. तेव्हा कुठं मागायचं होतं काही?

शालूबाई : व्हय. नवं हुतं. निळं. आणि गुंडाळल्यालं कशात?

अनुजा : दुपट्यात.

शालूबाई : तुझ्या माहेरच्या?

अनुजा : नाही. माहेरचं उशिरा आलं. तुम्हीच दिलं होतं की. कृष्णातचं. थंडीचं म्हणून, मऊ आहे म्हणून.

शालूबाई : पेटीतनं.

अनुजा : पेटीतनं काढून.

शालूबाई : त्याच गोळ्यांतनं.

अनुजा : आत्ती, असं नाही. तेव्हा तपासणीच झाली नव्हती. कशानं ते कुणालाच ठाऊक नाही. डॉक्टर सुद्धा नाही सांगू शकणार.

शालूबाई : मला सांगितलं की आत्ता डॉक्टरीणबाईनं. कुणाला कमी आसतंय, काय लागलं की फुटतंय. थोरला घरी आणला तवा गोरा हुता. चांगला गोरा. मीच म्हणालो, शेजारणींनी बघाय नगो, घट्ट गुंडाळ.

अनुजा : आत्ती, बसा. खाली बसा आधी.

शालूबाई : मी तुला पाच घरं फिर म्हणालो. आधी माझी पेटी फिरायची हुती.

डॉक्टर : अनुजा, या. उठलाय तो, भुकेनं ओरडतोय. ओरडतोय हे चांगलं आहे. हे घ्या, आमचं कापड. आजी, तुम्ही पण या पाहिजे तर. ती घेऊन बसेल तोवर डोकं धरा त्याचं.

अनुजा : चला, आत्ती. धरा तुम्ही.

शालूबाई : न्हाय. तूच घे त्याला. माझ्या अंगावरचं लुगडं बी त्याच पेटीतलं हाय. मी भायेर फाटकापाशी बसतो.