एकाचा शून्य

उचला ना ही कॉम्प्युटरची पेटी, भरतभाऊ, बघत काय बसलात — हो, चालू आहे, बिघडलेली नाही, तरी भंगारातच द्यायची आहे, आणि जुम्म्याची नमाज सुटून हे घरी यायच्या आत. का म्हणजे? बरं, ऐका. आमचे हे, खलील, मस्कतला बंदरावर कॉम्प्युटर सांभाळायचे — रिटायर होऊन नवीन पनवेलला आले आणि कामाशिवाय कासावीस झाले. मग इंटरनेटवरच्या कुठल्याशा मंडळींनी काम दिलं, फुकटातलंच — ते लोक एक ऑपरेटिंग सिस्टीम बनवतात, चोराला आत शिरता येऊ नये अशी, आणि ती प्रत्येक जातीच्या प्रोसेसरवर तेवढीच पक्की आहे का, ते यांनी तपासायचं. म्हणून या आठ पेट्या, आठ जातींच्या. पलंगाखाली दोन, फ्रिजवर एक, ही तर दोन वर्षं माझ्या शिलाई मशीनच्या जागेवर. हे स्वतःच चोर व्हायचे, चोरटा प्रोग्राम सोडायचे, आणि सिस्टीम त्याला दारातच मारायची. आठही पेट्यांवर. दर आठवड्याला.

तुम्हाला वाटेल माणूस खूश झाला असेल — नाही, तोंड पाडून बसले. म्हणाले, "आसिया, सगळं सुरक्षित आहे. आता माझी कोणाला गरज?" जेवण सुटलं हो. मला बघवेना. थोडंफार त्यांनीच शिकवलेलं — ते दाढीला गेले तशी मी या पेटीच्या सेटिंगमध्ये एका जागी एकाचा शून्य केला. झालं, कुलूप उघडं. संध्याकाळी चोर सरळ आत! हे दोनदा जेवले आणि मग त्या मंडळींना ईमेल लिहायला बसले.

मला काय ठाऊक, तिकडे परदेशात चार माणसं रजा टाकून तीन आठवडे शोधत बसतील? आमचं भोक त्यांना सापडेना — सापडणार कसं, ते माझं होतं — पण शोधता शोधता याच जातीच्या प्रोसेसरवर दुसरंच सापडलं, खरंखुरं, आजवर कोणालाच न दिसलेलं. आभारात यांचं नाव छापलं, ती बघा, भिंतीवर फ्रेम. आणि आता ते लोक म्हणतात, उद्या तिकडूनच सगळ्या पेट्यांची सेटिंग मुळापासून तपासणार. परत एक करून ठेवावा, तर कधी काय बदललं त्याची नोंद पेटीतच राहते. शून्य दिसला तर यांची इज्जत काय राहील — म्हणून म्हणते, उचला —

माझ्या मागे काय बघताय?

अहो! कधी आलात तुम्ही? ...सगळं ऐकलंत? ...काय, माहीत होतं? शून्य बघितला होतात? ईमेल पाठवायच्या आधीच?

भरतभाऊ, पेटी खाली ठेवा. जा तुम्ही. जा म्हणते ना.