आतून कडी

...नाही, पण मी म्हणते, दुसऱ्या दिवशी? सासूच्या हातची एक थप्पड खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी केस? काही रीत असते की नाही माणसाला? तुम्हाला सांगते, मी जळत नाहीये हं, नुसतं सांगतेय. पण धाकटी जाऊबाई गेली, तक्रार देऊन आली, आणि आज बघा! वेगळी खोली, दीर मुकाट तिच्या मागोमाग, सासूबाईंनी त्या दारात पाऊल टाकायचं नाही असा कोर्टाचा हुकूम, आणि त्या दाराला... आतून कडी!

आमच्याकडे खोल्यांना आतून कड्या नाहीत. सासूबाईंनी काढून टाकल्या. का, तर "घरात काय चोर राहतात?" मी एकदा दार नुसतं ओढून घेतलं, तर त्यांनी बाहेरून असं काही ढकललं की हे बोट फटीत सापडलं. बघा, अजून वाकडंच आहे. शिवणाच्या दुकानात कॉलर शिवताना आजही ठणकतं. आणि मी सगळ्यांना काय सांगितलं? मशीनमध्ये गेलं!

करणार होते हो मीही केस! पण नणंदेचं लग्न ठरत होतं. ते झालं तर सासऱ्यांचं ऑपरेशन. ते उठून बसले तर आमचे हे म्हणाले, "आता जुनं कशाला उकरतेस?" मी म्हटलं बरं. मला काय ठाऊक, तक्रारीलाही मुदत असते?

धाकटीच्याच वकीलबाईंकडे गेले. मी जळत नाहीये हं, पत्ता माहीत होता म्हणून. त्यांनी बोट पाहिलं, हळहळल्या आणि म्हणाल्या, "मुदत टळली हो. आता निव्वळ या बोटावर केस उभी राहायची नाही. त्यानंतर काही केलं का त्यांनी? नवीन काही घडलं तर थांबू नका, तडक या."

आता नवीन घडायला हवं ना! घरी आले ती कंबर कसूनच. भाजी खारट केली. सासूबाई पाणी पीत म्हणाल्या, "होतं गं." उलट उत्तर दिलं, तर हसल्या. त्यांचा आवडता कप फोडला... माझ्या हाताला लागलं का, ते बघायला धावल्या! आयुष्यात कधी नाही ते "बाळा" म्हणाल्या मला! का? तर त्यांच्या वकिलानं बजावलंय, एक केस चालू आहे, मोठीच्या केसालाही धक्का लावू नका.

आणि परवा दुकानातून घरी येते तर काय, सुतार! माझ्या दाराला कडी ठोकतोय! सासूबाई शेजारी उभ्या. म्हणाल्या, "लावत जा हो आतून. तुझी खोली आहे."

इतकी वर्षं ज्या कडीसाठी तळमळले, ती मिळाली. पण मिळवून दिली कुणी? माझ्या बोटानं? छे! धाकटीच्या थपडेनं! म्हणजे माझ्या दाराची कडीसुद्धा तिचीच म्हणायची.

लावते. न लावून सांगते कुणाला? लावते, आत बसते, आणि... हो, जळते. जळायला तरी मुदत नसते ना?