पोरींच्या मैदानावर आम्ही

मी पावसकडचा. आमची वाडी रस्त्यापासून वर, कातळावर. आंब्याच्या दिवसांत पेट्यांचा टेम्पो चालवतो, एरवी मिळेल ते भाडं, आणि त्यातूनच वेळ काढून आयुष्यभर कबड्डी खेळलो. काय सांगू तुम्हाला, एके काळी माझी चढाई बघायला गुहागरहून माणसं यायची, असं मी म्हणतो. आमची ही म्हणते, ती माणसं लग्नाला आली होती, वाटेत थांबली. तेही खरं असेल. आता आधी पोट रेषेपलीकडे जातं, मागून मी पोचतो.

तर माझी मुलगी सायली, तीही कबड्डीच खेळते. वाडीतल्या मुलींचा संघ आहे, जिल्ह्याची निवड तोंडावर आलेली. पण मैदान एकच, खालून माती आणून कातळावर टाकलेलं, आणि संध्याकाळी ते आम्हा जुन्या गड्यांचं. मुली दुपारच्या खेळायच्या. ती जागा अशी तापते की एका पोरीच्या तळपायाला फोड आले, तिची आई म्हणाली, उद्यापासून नाय पाठवणार. आता उरलेल्या सहाजणींचा संघ कुठे होतो हो? सायली सरळ आमच्यात आली नि म्हणाली, बाबा, संध्याकाळ आम्हाला द्या. माझा चुलतभाऊ दिगू, दरवाजाएवढा गडी, तो म्हणाला, गो बाय, बायकांची कबड्डी वेगळी, पुरुषांची वेगळी, तुमचं मैदानसुद्धा आमच्यापेक्षा लहान आखतात. ती म्हणाली, दिगूकाका, तरण्या पोरांना आम्ही नाय पुरणार, ते नुसत्या वजनावर ओढून नेतात. पण तुम्ही कुठे तरणे आहात? सामना लावा, जिंकेल त्याची संध्याकाळ.

मोठेपणा अंगात आला की माणूस काय बोलेल सांगता येत नाही. मीच म्हणालो, आम्ही तुमच्या लहान मैदानावर खेळू, उगाच तुमची दमछाक नको. मुलींनी एकमेकींकडे बघितलं. सायली म्हणाली, बघा हां बाबा, मागाहून बोलायचं नाय.

फक्की टाकून मैदान आखलं, त्या सहाजणी म्हणून आम्हीही सहाच उतरलो, अख्खी वाडी जमली. दिगू पहिला गेला, हात फिरवला, वळायला बघतो तर वळायला जागाच नाही, पोरींची साखळी आली नि दरवाजा चौकटीसकट आडवा. आम्हाला सवय लांब टांग टाकून पळायची, कोपऱ्यात हुलकावणी द्यायची, आणि इथे जिकडे वळावं तिकडे पोरीचा हात. त्या अंगाला झटतच नाहीत, खाली बसून घोटा धरतात. मात्र कमरेला धरलं तेव्हा मी तिघींना ओढत रेषेपर्यंत आलो, तेही झालं, सांगायचं राहायला नको.

शेवटी गुण बरोबरीत आणि अखेरची चढाई माझी. समोर कोपऱ्यात सायली वाकून उभी. मी माझी नेहमीची बाजूला झेप घेतली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, हवेत असताना मलाही फार बरं वाटलं. उतरलो तो कडेच्या पट्टीत. कोणाशी झटापट झाली नसताना त्या पट्टीत पाय पडला की गडी बाद. पंच म्हणून उभ्या असलेल्या शाळेतल्या सरांनी शिट्टी मारली. मी म्हणालो, आमच्या मैदानावर हा पाय आत पडला असता. सायली म्हणाली, पडला असता, बाबा. एवढंच बोलली, नि पोरींनी तिला उचललं.

मग मोठं मैदान आखून गमतीचा एक डाव झाला, तो आम्ही जिंकलो, दिगू नाचला. पण संध्याकाळ गेली ती गेली.

फोड आलेली ती पोर परत आली. निवडीत दोघी लागल्या, एक ती नि एक आमची. आता संध्याकाळी आम्ही जुने गडी बांधावर बसून गप्पा मारतो, तेवढ्यात हाक येते, काका, या, जड गडी पाहिजे धरायला. मी लगेच उठतो. त्या मला रोज लोळवतात, घरी ही गुडघ्याला तेल चोळता चोळता हसते, नि दुसऱ्या दिवशी मी हाकेआधीच पोचलेला असतो. देव त्या पोरींना असाच दम देवो, आणि आम्हाला पडायला मऊ माती.