राजा-राणीची सीडी

आईनं कुणाला सांगू नको म्हटलंय, तरी तुला सांगते. टीव्हीवरची आमची राजवाड्यातली मालिका संपली. तशीच दुसरी हवी म्हणून मी पाटसला सीडीच्या दुकानात गेले.

"मामा, राजा-राणीच्या प्रेमाची द्या."

दुकानदारमामांनी देवाची सीडी पुढं सरकवली. "पोरीस्नी हीच देतो. प्रेमाची पायजे तर घरचं मोठं माणूस आण."

एरवी मी मान खाली घालते. तेव्हा घातली नाही. "यातल्या देवानं तर लग्नाच्या दिवशी नवरी पळवली. ते चालतं व्हय?"

तरी मामा सीडी देईनात. मग मी घरून आईलाच घेऊन आले. ती पदर सावरत म्हणाली, "प्रेमाचीच द्या. आन् पोरीला पुन्हा माघारी धाडू नका."

आता आमचे आबा उसाकडं गेले की आम्ही दोघी दार लावून ती सीडी... आले गं आई, हिला एवढं सांगते अन् आलेच!